पटावरील व्यूह आणि खेळणाऱ्याचे कसब

श्रोतेहो, आज ज्या विषयावर आपणांशी बोलावयाचे आहे, तो वरवर पाहता केवळ करमणुकीचा आहे. बुद्धिबळाच्या पटावर जय मिळतो तो आधी आखलेल्या व्यूहामुळे, की खेळणाऱ्याच्या अंगच्या कसबामुळे, हा तो प्रश्न. या खेळातील मी कोणी नामांकित पुरुष नव्हे. मॅट्रिक झाल्यावर सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुले शिकविण्यात माझा जन्म गेला, आणि फावल्या वेळी पट मांडून बसण्याचे व्यसन तेवढे जडले. तथापि हा प्रश्न मला एका दहा वर्षांच्या विद्यार्थ्याने विचारला होता आणि त्या वेळी मला त्याचे उत्तर देता आले नव्हते. ते ऋण डोक्यावर असल्यामुळेच आज बोलण्याचे धाडस करीत आहे.

हकीकत सुमारे तीस वर्षांपूर्वीची आहे. माझ्या शाळेत एक शेतकऱ्याचा मुलगा होता. बुद्धिबळ तो आपल्या आजोबांकडून शिकला होता. पटाकडे टक लावून पाहावयाचे, समोरच्याने हात मागे घेतला की क्षणभर थांबावयाचे, आणि मगच आपले मोहरे उचलावयाचे, अशी त्याची रीत होती. गावातील मोठी माणसेही त्याच्यापुढे बसताना सावध असत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला सांगलीस एका स्पर्धेला न्यावे, असे माझ्या मनात आले. बुद्धिबळ म्हटले की आमच्या भागातील माणसाची दृष्टी सांगलीकडे वळते. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी तेथे १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले, आणि तेव्हापासून त्या गावाने या खेळाची जी सेवा केली आहे, तिच्यामुळे सांगलीला लोक बुद्धिबळाची पंढरी म्हणतात.

पंढरीस जावयाचे तर तयारीने जावे, या विचाराने मी एक पुस्तक मिळविले. त्यात डावाच्या आरंभीच्या खेळी क्रमाने दिल्या होत्या. दोन महिने दररोज शाळा सुटल्यावर मी त्या मुलाकडून त्या पाढ्यांसारख्या घोकून घेतल्या. आधी मधले प्यादे, मग एक घोडा, मग दुसरा, मग उंट, मग राजाचा किल्लेकोट. मुलगा हुशार, सारे बिनचूक म्हणून दाखवी. माझी छाती अभिमानाने फुगली होती, हे कबूल करतो.

सांगलीस पहिल्याच डावात त्याच्यासमोर त्याच्याहून लहान अशी एक मुलगी आली. पांढरी मोहरी तिची होती. पहिली खेळी पुस्तकातील झाली. दुसऱ्या खेळीला पुस्तकाप्रमाणे घोडा निघावयास हवा होता. तिने उंट बाहेर काढला. आमच्या विद्यार्थ्याने आपला ठरलेला घोडा काढला. तिसऱ्या खेळीला तिने वजीर तिरपा नेऊन पटाच्या काठाशी उभा केला. वजीर इतक्या लवकर बाहेर काढू नये, हे पुस्तकात ठळक अक्षरांत होते. मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि तो किंचित हसला. मग त्याने आपली पाठ केलेली तिसरी खेळी केली, म्हणजे दुसरा घोडा बाहेर काढला. तिने उंटाच्या जोरावर वजिराने राजालगतचे प्यादे मारले. चौथ्या खेळीला मात.

परतीच्या गाडीत तो खिडकीपाशी बसला होता. भिलवडी गेले, किर्लोस्करवाडी गेली, तरी तो बोलला नाही. कऱ्हाड जवळ आले तेव्हा त्याने विचारले, “गुरुजी, चूक तिनं केली होती. मग हरलो मी कसा?” मी त्याची पाठ थोपटली आणि पुढच्या वर्षी पाहू म्हणालो. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्यानंतर त्याने पट मांडल्याचे मी कधी पाहिले नाही.

आता त्याच्या प्रश्नाचा नीट विचार करू. सांगलीत माझे एक स्नेही आहेत. न्यायालयातील नोकरीतून ते निवृत्त झाले आहेत, आणि आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. या विषयावर त्यांचा आणि माझा वाद गेली कित्येक वर्षे चालला आहे. अण्णांचे मत असे की, व्यूह वगैरे सारे थोतांड आहे. “मास्तर, तलवार कितीही चांगली असो, मनगटात जोर नसेल तर ती काय कामाची?” असे ते म्हणतात. माझा पक्ष असा असे की, नुसत्या मनगटाने लढाया जिंकता येत नाहीत. कोठे वार करावयाचा हे आधी ठरवावे लागते. दोन्ही पक्षांना आधार आहेत, ते पाहू.

प्रथम व्यूहाची गरज का पडते ते सांगतो. पटावर चौसष्ट घरे आणि बत्तीस मोहरी एवढाच हा पसारा. पांढऱ्याला पहिल्या खेळीचे २० पर्याय असतात, काळ्यालाही तितकेच. म्हणजे दोघांची एकेक खेळी होताच ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. पुढे हा आकडा इतक्या वेगाने वाढतो की, कोणतीही मानवी बुद्धी सर्व वाटा चालून पाहू शकत नाही. म्हणून पूर्वीच्या खेळाडूंनी अनुभवाने काही वाटा बऱ्या आणि काही वाईट ठरविल्या. मध्यावर सत्ता ठेवावी, मोहरी लवकर कामाला लावावी, राजाला सुरक्षित जागी न्यावे, ही सूत्रे म्हणजे शेकडो वर्षे हरलेल्या डावांचे सार आहे. ते सार टाकून देणारा प्रत्येक चूक नव्याने करीत बसतो. एवढा माझा पक्ष खरा.

आता अण्णांचा पक्ष. त्यांचे दैवत म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातील सरगोधा भागातील हा माणूस सर उमर हयात खान या जमीनदारांच्या पदरी होता. तो शिकला ते आपले देशी बुद्धिबळ. त्या पद्धतीत प्यादे आरंभीसुद्धा एकच घर चाले, किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी मारता येई. आणि प्यादे शेवटच्या घरात पोचले म्हणजे त्याचा सरसकट वजीर होत नसे, ज्या मोहऱ्याच्या ओळीत ते पोचे त्याचे रूप त्याला मिळे. विलायती नियम सुलतान खानाने मोठेपणी आत्मसात केले. १९२८ साली तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, १९२९ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. १९३२ आणि १९३३ साली ते त्याने पुन्हा जिंकले. १९३० च्या अखेरीस सुरू झालेल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत तर त्याने माजी जगज्जेता कापाब्लांका याला हरविले. आरंभीच्या खेळींचे पुस्तकी ज्ञान त्याला फारच थोडे होते. डावाच्या आरंभी तो पुष्कळदा अडचणीत सापडे आणि पुढे मध्य व अंत्य भागात केवळ कसबाने बाहेर पडे. त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, २०२४ साली, जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला. अण्णा हे सांगताना दर वेळी मिशीवर हात फिरवितात.

परंतु कसब म्हणजे नेमके काय? पुष्कळांची समजूत अशी की, मोठा खेळाडू वीस-वीस खेळी पुढचे पाहतो आणि आपण दोन-तीनच पाहतो. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट हे स्वतः चांगले खेळाडू होते. त्यांनी या समजुतीची परीक्षा घेतली आणि १९४६ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे की, श्रेष्ठ खेळाडू त्याच्या खालच्या पायरीवरील चांगल्या खेळाडूपेक्षा फार खोल पाहतो असे नाही. तो मुळात योग्य खेळींकडेच पाहतो. वाईट खेळी त्याच्या डोळ्यांसमोर उभ्याच राहत नाहीत.

पुढे १९७३ साली अमेरिकेत चेस आणि सायमन या दोघा संशोधकांनी हाच धागा पुढे नेला. खऱ्या डावातील एखादी स्थिती पाच सेकंद दाखवून मोहरी झाकावयाची आणि ती आठवणीने मांडावयास सांगावयाची, असा तो प्रयोग. पटावर पंचवीसएक मोहरी असता निष्णात खेळाडूने सोळाच्या आसपास बरोबर मांडली. नवशिक्याला चारएक साधली. मग त्यांनी मोहरी वाटेल तशी विस्कटून पटावर टाकली आणि तोच प्रयोग केला. तेव्हा दोघांमधील फरक जवळजवळ नाहीसा झाला! याचा अर्थ, निष्णाताची स्मरणशक्ती आपल्याहून विलक्षण असते असे नव्हे. ज्याप्रमाणे वाचता येणाऱ्या माणसाला अक्षरे सुटी न दिसता शब्द दिसतो, त्याप्रमाणे त्याला मोहरी सुटी न दिसता त्यांचे परस्परसंबंध दिसतात: कोणावर कोणाचा जोर आहे, कोण उघडा पडला आहे, कोणती वाट मोकळी झाली आहे. ही दृष्टी पुष्कळ डाव खेळून, हरून आणि हरलेला डाव पुन्हा मांडून पाहून येते. तिला आखूड रस्ता नाही.

येथपर्यंत अण्णा जिंकले असे वाटेल. पण थांबा. व्यूह आणि कसब यांना आपण वैरी समजत आलो, तीच आमच्या वादातील खोट होती असे मला आता वाटते. १८४८ च्या सुमारास कलकत्त्यास जॉन कॉक्रेन हा इंग्रज बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली गृहस्थाशी खेळू लागला. महेशचंद्रांना देशी पद्धतीचे वळण होते, म्हणून ते प्यादी एकेक घर हळूच पुढे सारीत, उंटाला बाजूच्या कोपऱ्यालगत दडवून ठेवीत आणि मध्यावर शत्रूला खुशाल पुढे येऊ देत. मग तो पुरेसा पसरला की त्याच्यावर घसरत. त्या काळच्या युरोपियनांना ही मांडणी विचित्र वाटे. पुढे विसाव्या शतकात तिच्यातूनच शास्त्र तयार झाले, आणि ‘इंडियन डिफेन्स’ या नावाने ती आज जगभर खेळली जाते. पहा, महेशचंद्रांच्या हाताला जे सवयीने येत होते, त्याचाच पुढे व्यूह झाला. व्यूह म्हणजे कोणा तरी कसबी माणसाच्या दृष्टीचे साठवून ठेवलेले फळ होय.

असे असल्यामुळे ते फळ उसने घेणाऱ्याला एक अट पाळावी लागते. ज्या हातासाठी व्यूह रचला गेला, तसा हात आपला आहे काय, हे त्याने पाहावयास हवे. आमच्या साताऱ्याकडे इतिहासाच्या गप्पा निघाल्या की पानिपत आल्यावाचून राहत नाही. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या आधाराने गोल बांधून लढण्याचा व्यूह स्वीकारला. व्यूह म्हणून तो वाईट नव्हता. गारद्यांनी आपले काम चोख बजाविले. परंतु त्या व्यूहात प्रत्येकाने आपली जागा धरून ठेवावयाची होती, आणि आपल्या घोडदळाचा सारा अभ्यास चपळ हालचालीचा, चाल करून जाण्याचा आणि निसटण्याचा. शत्रू समोर दिसताच विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके फळी सोडून पुढे घुसली, असे इतिहासकारांनी लिहिले आहे. पानिपतच्या पराभवाला उपासमार, शत्रूची राखीव फौज अशी इतर कारणेही होती. सगळा दोष या एका गोष्टीवर टाकता येणार नाही. तरीपण नवा व्यूह आणि जुने वळण यांचा मेळ बसावयास जो काळ लागतो, तो मिळाला नव्हता, एवढे खरे.

याच्या उलट उदाहरण पटावरचेच देतो. २००० साली लंडन येथे रशियाच्या क्रामनिकची गाठ जगज्जेत्या कास्पारॉव्हशी पडली. कास्पारॉव्ह म्हणजे हल्ल्याचा बादशहा. पटावर वजीर असेपर्यंत त्याच्यापुढे उभे राहणे कठीण. क्रामनिकने बर्लिन बचाव नावाची एक जुनी, बाजूला पडलेली पद्धत शोधून काढली. तिच्यात आरंभीच वजिरांची मारामारी होऊन ते पटावरून जातात आणि डाव शांत, चिवट, बारकाव्यांचा बनतो. असल्या खेळात क्रामनिकचा हातखंडा होता. सोळा डावांचा तो सामना त्याने पंधराव्या डावातच साडेआठ विरुद्ध साडेसहा गुणांनी जिंकला. स्वतः एकही डाव हरला नाही. येथे व्यूहाने जिंकले म्हणावे, की कसबाने? त्याने आपले कसब ओळखले, समोरच्याचेही ओळखले, आणि दोहोंकडे पाहून व्यूह निवडला. ही निवड करणे, हेच सर्वांत मोठे कसब.

म्हणून व्यूह शिकताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत, असे मी आता मुलांना सांगतो. पहिला, ही खेळी का करावयाची, हे मला पुस्तक मिटून सांगता येईल काय? दुसरा, या खेळींतून जो डाव तयार होतो, तो मला खेळता येतो काय? तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा: समोरच्याने आत्ता केलेल्या खेळीमुळे माझी योजना अजून पूर्वीसारखीच उभी आहे काय? पहिले दोन प्रश्न घरी विचारावयाचे आहेत. तिसरा प्रत्येक खेळीला.

सांगलीच्या पटावर ज्या मुली घडल्या, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, यांनी पाच वेळा महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. स्वाती घाटे यांनी महिला ग्रँडमास्टर हा किताब मिळविला. सुट्टीभर रोज निरनिराळ्या माणसांसमोर बसावयास मिळणे, हरल्यावर तोच डाव कोणा जाणत्यासमोर पुन्हा मांडता येणे, ही सोय ज्या गावात असते, तेथे पुस्तक आणि डोळा दोन्ही बरोबरीने वाढतात. मी माझ्या विद्यार्थ्याला पुस्तक दिले आणि त्याचा डोळा मात्र बंद केला. दोन महिन्यांपूर्वी तोच मुलगा त्या माऱ्याला फसला नसता; कारण तेव्हा तो पटाकडे पाहत होता.

आता त्याच्या प्रश्नाचे उत्तर. उंटासमोरच्या त्या प्याद्याला आरंभी राजाखेरीज कोणाचाच जोर नसतो. तिच्या उंटाचा रोख त्याच्यावर होता, आणि वजीरही तिकडेच वळला होता. त्या वेळी त्याने घरी बसलेल्या घोड्यासमोरचे प्यादे फक्त एक घर पुढे सारले असते, तर वजिराला हटावे लागले असते. वजीर हटून पुन्हा त्याच प्याद्यावर रोखला असता, तेव्हा घोडा बाहेर काढून त्याची वाट अडविता आली असती. तोच घोडा, तेच घर, तीच पाठ केलेली खेळी. केवळ एक खेळी उशिरा! मग तिचा वजीर मध्येच उघडा पडून मारा खात राहिला असता, आणि पुस्तकात लिहिलेली तिची चूक खरोखरीच चूक ठरली असती. समोरच्याची चूक आपोआप शिक्षा भोगत नाही. ती शिक्षा आपल्याला शोधून द्यावी लागते. पुस्तक एवढेच म्हणते की, ही खेळी वाईट. ती वाईट कशी हे पटावर सिद्ध करण्याचे काम ते खेळणाऱ्यावर सोपविते. काय करावयाचे हे व्यूह सांगतो. केव्हा करावयाचे हे कसब सांगते.

हे ऐकून अण्णा म्हणाले, “मास्तर, म्हणजे मीच जिंकलो.” मी म्हणालो, “अण्णा, एक खेळी उशिरा का होईना, पण घोडा त्याच घरात गेला असता ना? मग पुस्तकही खरेच.” आमचा वाद पुढेही चालू राहील, असा रंग दिसतो.

तो विद्यार्थी आता चाळिशीचा असेल. कदाचित त्याच्याही घरात त्याच वयाचे मूल असेल, आणि कदाचित त्याच्या घरी रेडिओही लागत असेल. त्याला माझे सांगणे एवढेच आहे की, बाळा, त्या दिवशी तुझे काही चुकले नव्हते. तू विचारलेला प्रश्न अचूक होता; तुझ्या गुरुजींना त्याचे उत्तर येत नव्हते, म्हणून त्यांनी पाठ थोपटली. जमले तर आज रात्री पट काढ, तो डाव तिसऱ्या खेळीपर्यंत मांड, मुलाला समोर बसव, आणि मग पटाकडे पाहा.